अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला? अमेरिकेतील पॉइन्सेट काउंटीच्या शेतीचा नव्वद वर्षांचा अनुभव

प्रस्तावना

अमेरिकेतील शेती अनुदाने हा विषय मराठी वाचकाला प्रामुख्याने जागतिक व्यापार संघटनेतील वाटाघाटींच्या संदर्भात परिचित आहे. त्या चर्चेत येणारे आकडे अब्जावधी डॉलरचे असतात आणि ते संपूर्ण राष्ट्राचे असतात. प्रत्यक्षात हा पैसा वॉशिंग्टनहून निघतो, तो एखाद्या ग्रामीण काउंटीच्या कार्यालयात ठेवलेल्या शेताच्या नोंदीवर पोहोचतो आणि त्या नोंदीत ज्याचे नाव असेल त्याच्या खात्यावर जमा होतो. अमेरिकन सरकार शेतीला किती देते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु एका शेतावर मालक, खंडकरी, व्यवस्थापक आणि मजूर अशी चार माणसे असताना त्यांपैकी कोणाला देते, हा प्रश्न त्याहून कमी विचारला जातो. प्रस्तुत लेखात अरकान्सास राज्यातील पॉइन्सेट काउंटीच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. ही काउंटी निवडण्याचे कारण असे की, अनुदानाचा धनादेश कोणाच्या हाती पडावा या प्रश्नावर १९३४ साली याच काउंटीत शेतकऱ्यांची एक संघटना जन्माला आली.

काउंटीची ओळख

काउंटी हा अमेरिकेतील स्थानिक प्रशासनाचा घटक आहे. अधिकारांच्या दृष्टीने त्याची तुलना आपल्या जिल्ह्याशी करता येईल; लोकसंख्येच्या दृष्टीने मात्र अनेक ग्रामीण काउंट्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्याच असतात. पॉइन्सेट काउंटी राज्याच्या ईशान्य भागात असून तिचे क्षेत्रफळ साडेसातशे चौरस मैलांहून थोडे अधिक आहे. १९५० मध्ये तेथे सुमारे ३९ हजार लोक राहत होते. २०२० मध्ये ते सुमारे २३ हजार उरले. हॅरिसबर्ग हे तिचे मुख्य ठिकाण होय. काउंटीचे नाव ज्या जोएल पॉइन्सेट यांच्यावरून पडले, त्यांच्याच नावाने 'पॉइन्सेटिया' हे लाल पानांचे शोभेचे झाड आपल्याकडील बागांतून ओळखले जाते.

क्रॉलीज रिज नावाची टेकड्यांची एक अरुंद रांग या काउंटीला उत्तर-दक्षिण छेदते. तिच्या पश्चिमेस भाताची मोठी शेते आहेत, तर पूर्वेस सेंट फ्रान्सिस नदीच्या खोऱ्यात कापूस आणि सोयाबीन होते. अमेरिकेत पिकणाऱ्या एकूण भातापैकी जवळजवळ निम्मा भात एकट्या अरकान्सासमध्ये पिकतो आणि त्यात पॉइन्सेट ही अग्रगण्य काउंट्यांपैकी एक आहे. भात व कापूस ही दोन्ही पिके अमेरिकन अनुदान व्यवस्थेची विशेष लाडकी मानली जातात. म्हणूनही या काउंटीचा अनुभव बोलका ठरतो.

१९३३ चा करार आणि एक-नवमांश वाटा

विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडील दलदलीचा निचरा करून आणि जंगल तोडून तेथे कापसाचे मोठे मळे उभे राहिले. मळ्याचे काम वाटेकरी कुटुंबे करीत. घर, खेचर, अवजारे आणि बियाणे मालकाचे; श्रम कुटुंबाचे; पीक अर्धे-अर्धे. वर्षभराची उचल मालकाच्या दुकानातून मिळे आणि हंगामाअखेर ती हिशेबात वळती होई. हिशेब मालकच ठेवीत असे. आपल्याकडील अर्धेलीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवस्थेचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, रुईचा भाव पौंडाला साडेसहा सेंटच्या आसपास कोसळला. मे १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कृषी समायोजन कायद्यावर स्वाक्षरी केली. कमी पिकवा, म्हणजे भाव वाढेल आणि न पिकविलेल्या क्षेत्राबद्दल सरकार मोबदला देईल, असे या कायद्याचे सूत्र होते. कायदा झाला तेव्हा कपाशी शेतात उभी होती. त्या उन्हाळ्यात दक्षिणेतील सुमारे एक कोटी एकर उभे पीक नांगरून टाकण्यात आले. आयुष्यभर पिकाच्या ओळीवर पाय न देण्यास शिकविलेली खेचरे त्या ओळींवर चालेनात, अशी आठवण त्या काळाबद्दल सांगितली जाते.

१९३४ व १९३५ या वर्षांसाठीच्या करारात कपाशीचे क्षेत्र सुमारे ४० टक्के घटवायचे होते. त्याबद्दल पौंडामागे साडेतीन सेंट 'भाडे' आणि एक सेंट 'समता मोबदला' असे एकूण साडेचार सेंट देण्याचे ठरले. भाड्याची रक्कम जमिनीबद्दलची असल्याने वाटेकऱ्याच्या बाबतीत ती पूर्णपणे मालकाची मानली गेली. उरलेला एक सेंट पिकाप्रमाणे निम्मा-निम्मा वाटायचा होता. म्हणजे पिकात अर्ध्याचा धनी असलेल्या वाटेकऱ्याच्या वाट्याला अनुदानातील अर्धा सेंट, अर्थात एक-नवमांश भाग आला. तोही मालकामार्फत मिळायचा असल्याने उचलीच्या खात्यात जिरण्याची शक्यता मोठी होती.

त्याहून गंभीर परिणाम वेगळाच झाला. क्षेत्र ४० टक्के कमी झाल्यावर तेवढ्या वाटेकऱ्यांची गरजही उरली नाही. करारातील सातव्या कलमानुसार मालकाने शक्य तोवर कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, अशी अपेक्षा होती. 'शक्य तोवर' या शब्दांत सारी पळवाट सामावलेली होती. शिवाय संख्या कायम ठेवायची म्हणजे तीच माणसे ठेवायची की कोणतीही, हेही कलमात स्पष्ट नव्हते. वाटेकऱ्यास काढून त्याच्याच जागी त्याला किंवा दुसऱ्याला रोजंदारीवर ठेवले, तर अर्धा सेंटही द्यावा लागत नव्हता.

पॉइन्सेट काउंटीतील टायरोन्झा या छोट्या गावाजवळच्या एका मळ्यावरून अनेक कुटुंबांना काढण्यात आल्यानंतर, जुलै १९३४ मध्ये, एका शाळेत अठरा माणसे जमली. त्यांत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय होते. वंशभेद कायद्याने व रूढीने पाळला जात असलेल्या दक्षिणेत ही बैठकच असाधारण होती. तेथे 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' ही संघटना स्थापन झाली. तिचे दोन प्रमुख संघटक, एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट, हे स्वतः शेतकरी नव्हते. एकाचे गावात कपडे धुण्याचे दुकान होते, तर दुसऱ्याचा शेजारीच पेट्रोलपंप होता. समाजवादी नेते नॉर्मन थॉमस त्याच वर्षी या भागात येऊन गेले होते आणि वाटेकऱ्यांची स्थिती त्यांनी देशासमोर मांडली होती. संघटनेने सातव्या कलमाच्या आधारे न्यायालयातही धाव घेतली. परंतु करार सरकार व मालक यांच्यातील असल्याने त्यात वाटेकऱ्यांना दाद मिळाली नाही.

या तक्रारींचा प्रतिध्वनी वॉशिंग्टनमध्ये उमटला. जेरोम फ्रँक यांच्या नेतृत्वाखालील कृषी समायोजन प्रशासनाच्या विधी शाखेने सातव्या कलमाचा अर्थ 'तीच कुळे कायम ठेवणे' असा लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी फ्रँक व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना पदावरून दूर केले आणि कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी डेव्हिस यांची बाजू उचलून धरली. मळेवाल्यांचे प्रतिनिधी काँग्रेसच्या समित्यांवर प्रबळ होते. त्यांना दुखावून कायदा टिकणार नाही, असा त्यामागील व्यवहारी विचार होता. तो समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत निर्णयाच्या वेळी खोलीत नसलेल्यांनी चुकविली, हेही नोंदविले पाहिजे. रुईचा भाव मात्र १९३४ मध्ये बारा सेंटपर्यंत चढला. भाव वाढविणे हे कायद्याचे घोषित उद्दिष्ट होते आणि ते बऱ्याच अंशी साध्य झाले.

पुढे मालकांच्या हाती आलेल्या या रोख रकमेतून ट्रॅक्टर आले, असे अनेक इतिहासकार मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रे आली आणि वाटेकरी ही संस्थाच नाहीशी झाली. त्या दोन दुकानांच्या इमारतीत आता संघटनेचे संग्रहालय असून २००६ पासून अरकान्सास स्टेट युनिव्हर्सिटी ते चालविते.

काउंटी समिती

अनुदान योजनांचा स्थानिक कारभार शेतकऱ्यांनीच निवडलेल्या काउंटी समितीकडे सोपविण्याची पद्धत १९३० च्या दशकातच रूढ झाली व ती आजही चालू आहे. लोकशाहीच्या दृष्टीने ही रचना आकर्षक आहे. मात्र गावातील सत्तासंबंध जसे असतील तशीच समिती होते, हा अनुभव दक्षिणेत दीर्घकाळ आला. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. शतकाअखेर त्यांतील अगदी थोडे उरले. कर्ज व अनुदान देताना वंशभेद केल्याच्या आरोपावरून कृषी विभागाविरुद्ध दाखल झालेल्या 'पिगफोर्ड' खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि सरकारला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. त्या खटल्यातील तक्रारींचा मोठा भाग काउंटी पातळीवरील निर्णयांबद्दल होता.

आधारभूत क्षेत्र : शेताची स्मृती

आजची व्यवस्था समजून घेण्यासाठी 'आधारभूत क्षेत्र' ही संकल्पना प्रथम लक्षात घ्यावी लागते. एखाद्या शेतावर पूर्वी कोणते पीक किती एकरांवर घेतले जात होते, याची सरकारदरबारी असलेली नोंद म्हणजे आधारभूत क्षेत्र. ही नोंद शेतकऱ्याची नसून जमिनीची असते. जमीन विकली की नोंद नव्या मालकाकडे जाते. आपल्या सातबाऱ्यावर पीकपाहणीचा रकाना असतो. तो दरवर्षी बदलण्याऐवजी एकदा गोठविला आणि पुढील कित्येक वर्षे त्यावरून पैसे दिले, अशी कल्पना केली तर ही व्यवस्था बरीचशी ध्यानात येईल.

१९९६ च्या कायद्याने अनुदान आणि चालू वर्षाची लागवड यांचा संबंध तोडला. हेतू स्तुत्य होता: पैशासाठी एकच पीक घेत राहण्याची सक्ती शेतकऱ्यावर नसावी. परंतु संबंध तुटल्यावर शेती न करणाऱ्यालाही पैसे मिळू लागले. टेक्सासमध्ये पूर्वीच्या भातशेतीवर बांधलेल्या घरांच्या हिरवळीलाही भाताचे अनुदान मिळते, असे 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००६ मध्ये उघडकीस आणले. शेती न करणाऱ्यांना २००० पासून एक अब्ज तीस कोटी डॉलर दिले गेले असल्याचा त्या वृत्तपत्राचा हिशेब होता. २०१४ च्या कायद्याने भाव कसाही असो मिळणारे हे थेट अनुदान बंद केले. आधारभूत क्षेत्र मात्र कायम ठेवले.

२०१४ नंतरच्या भावतफावत योजनेचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २०१४ व २०१८ च्या कायद्यांत लांब दाण्याच्या भाताची संदर्भ किंमत शंभर पौंडांना १४ डॉलर होती. बाजारातील वार्षिक सरासरी भाव १२ डॉलर राहिला, तर तफावत २ डॉलर. शेताच्या नोंदीतील उत्पादकता एकरी ५५०० पौंड असेल, तर तफावत एकरी ११० डॉलर होते. ती आधारभूत क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवरच मिळते. म्हणून आधारभूत एकरामागे ९३.५० डॉलर हाती येतात. त्या वर्षी शेतात भाताऐवजी सोयाबीन पेरले असले, तरी रक्कम हीच राहते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने संदर्भ किंमत १६.९० डॉलर केली. बाकी आकडे तेच धरल्यास एकरी रक्कम सुमारे २२९ डॉलर होते, म्हणजे जवळजवळ अडीचपट.

दुसरी एक योजना काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर आधारलेली आहे. एखाद्याच्या शेतावर गारपीट झाली, पण काउंटीची सरासरी चांगली राहिली, तर त्याला काहीही मिळत नाही. चीनशी झालेल्या व्यापारसंघर्षानंतर २०१८ व २०१९ या वर्षांच्या विशेष मदतीपोटी मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटण्यात आले. त्यातील २०१९ चा दर तर काउंटीनिहाय, एकरी १५ ते १५० डॉलरपर्यंत ठरविला गेला. परिणामी काउंटीच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना, एकाच मातीत तेच पीक घेणाऱ्या शेजाऱ्यांना वेगवेगळी रक्कम मिळू शकत होती.

मर्यादा आणि तिच्या वाटा

एका व्यक्तीला किती अनुदान मिळावे, यावर १९७० च्या कायद्याने प्रथम मर्यादा घातली. २०१४ पासून ती १,२५,००० डॉलर होती; २०२५ च्या कायद्याने ती १,५५,००० डॉलर केली. वरील जुन्या उदाहरणात एकट्या व्यक्तीची मर्यादा सुमारे १,३४० आधारभूत एकरांवर गाठली जाते. पती व पत्नी दोघेही पात्र ठरल्यास ती दुप्पट होते. भागीदारी असल्यास प्रत्येक भागीदारास स्वतंत्र मर्यादा मिळते. भागीदाराने 'सक्रिय' असावे अशी अट आहे; पण सक्रियतेत अंगमेहनतीप्रमाणेच व्यवस्थापनही धरले जाते. व्यवस्थापन केले की नाही हे तपासायचे कसे, असा प्रश्न सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ व २०१३ च्या अहवालांत उपस्थित केला होता. २०१८ च्या कायद्याने 'कुटुंब' या व्याख्येत पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडेही समाविष्ट केली. २०२५ च्या कायद्याने भागीदारीला असलेली सवलत काही प्रकारच्या मर्यादित दायित्व कंपन्यांनाही लागू केली. मर्यादेचा आकडा जाहीर चर्चेत येतो; व्याख्या फारशी कोणी वाचत नाही. १९३४ मध्येही नेमके असेच घडले होते.

खंडाचा प्रश्न

आज पॉइन्सेट काउंटीत वाटेकरी नाहीत, परंतु खंडाने कसणे सर्रास आहे. मालक अनेकदा दूरच्या शहरात राहणारे वारसदार असतात. रोख खंडाच्या करारात अनुदान नियमानुसार कसणाऱ्यास मिळते. वाट्याच्या करारात ते पिकाच्या वाट्याप्रमाणे विभागले जाते. १९३४ च्या मानाने ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. तरीही ती रक्कम कसणाऱ्याकडे टिकते का? या जमिनीला अनुदान आहे हे मालकाला ठाऊक असते आणि तीच जमीन मागणारे इतर शेतकरीही असतात. त्यामुळे खंड वाढतो. बॅरेट किरवान यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वाढीव अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडाच्या रूपाने मालकाकडे जातात. काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच अधिक आढळले आहे. याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. दिशा कोणती याविषयी मात्र फारसा वाद नाही. जमिनीच्या किमतीत अनुदान मुरल्यावर नव्याने शेतीत येऊ पाहणाऱ्या तरुणाला त्याच अनुदानाची किंमत जमीन घेताना आगाऊ मोजावी लागते.

या चित्राला एक अपवाद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दहा अब्ज डॉलरच्या आर्थिक मदतीत आधारभूत क्षेत्राऐवजी २०२४ मधील प्रत्यक्ष लागवडीचे क्षेत्र धरण्यात आले. भातासाठी एकरी ७६.९४ डॉलर आणि कापसासाठी ८४.७४ डॉलर असा दर होता. रोख खंड घेणाऱ्या मालकाला त्यात थेट वाटा नव्हता. म्हणजे कसणाऱ्याला शोधून पैसे देणे प्रशासनाला अशक्य नाही. प्रत्येक शेतकऱ्याला दरवर्षी लागवडीची माहिती काउंटी कार्यालयात द्यावीच लागते.

पॉइन्सेटचा कापूस आणि विदर्भ

या काउंटीच्या कापसाचा संबंध महाराष्ट्राशीही पोहोचतो. ऑक्टोबर २००१ मध्ये रुईचा जागतिक भाव पौंडाला ४० सेंटच्या खाली गेला. त्या काळात अमेरिका हा रुईचा सर्वांत मोठा निर्यातदार होता. तेथील शेतकऱ्याला बाजारभावाखेरीज अनुदानाचा आधार असल्याने भाव पडूनही लागवड घटत नव्हती. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेच्या आश्रयाने चाललेला विदर्भातील कापूस उत्पादक नेमका याच सुमारास खुल्या बाजारासमोर येत होता. विदर्भातील संकटाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व अमेरिकेवर ढकलणे योग्य नव्हे. तरीही पडलेल्या भावात या अनुदानांचा वाटा होता, हे ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल केलेल्या तक्रारीत सिद्ध झाले. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाचा निर्णय अमेरिकेविरुद्ध गेला. प्रकरण २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देण्याच्या तडजोडीवर मिटले. तक्रार ब्राझीलची असल्याने भरपाई ब्राझीलला मिळाली; बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या कापूस पिकविणाऱ्या देशांना किंवा भारताला त्यातील काही मिळण्याचा प्रश्न नव्हता.

२०१४ च्या कायद्यात या वादामुळे कापूस मुख्य अनुदान योजनेतून वगळण्यात आला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो परत आला, पण वेगळ्या नावाने. वाद रुईबद्दल होता. आता अनुदान 'सरकीसह कापसा'ला देण्यात आले. रुई आणि सरकी एकाच बोंडातून येतात, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०१८ मध्ये सरकीसह कापसाची संदर्भ किंमत पौंडाला ३६.७ सेंट ठरली. २०२५ च्या कायद्याने ती ४२ सेंट केली. त्याच वर्षी भारताने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले.

आयात कापसाशी भावाची स्पर्धा करणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला २०१९ पासून पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. राज्य शासनाने २०२३ मध्ये त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. दोन्ही योजनांची पात्रता जमिनीच्या नोंदीवरून ठरते. बटईने किंवा मक्त्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आणि स्वतःच्या नावावर जमीन नसलेल्या कुटुंबाला त्यातील एकही हप्ता मिळत नाही.